पॉलिएस्टर

डॉक्टर म्हणाल्या, आता हिचं काम संपलं.
हिचं म्हणजे नळीचं.
मला क्षणभर वाटलं, अक्काचं म्हणतायत.

ऑपरेशनला सहा आठवडे झालेले.
क्रिएटिनिन एक पॉइंट दोन,
हा आकडा माझी बायको शेजारणींना
दहावीच्या निकालासारखा सांगते.

चौदा महिने होती ती माझ्यात.
छातीतून शिरून, कातडीखालून मानेत,
मानेतून पार काळजाच्या उंबऱ्यापर्यंत.
बाहेर दोन तोंडं, एकाला लाल टोपण, एकाला निळं.
बायकोनं जुना टॉवेल कापून
बनियनला आतून खिसा शिवला त्यांच्यासाठी.
सोमवार, बुधवार, शुक्रवार
खिसा उघडायचा.
मशीन घरघरायचं. लोक म्हणायचे, आवाजानं डोकं उठतं.
मी चोवीस मागांच्या शेडमध्ये जॉबर,
मला तिथं झोप लागायची.

आंघोळ कमरेपर्यंत. वर ओला पंचा.
प्यायला दिवसाला पाऊण लिटर, त्यातच गोळ्या.
मे महिन्यात साईबाबा चौकात पत्रे तडतडतात,
नळाला पाणी पाचव्या दिवशी.
तहान सगळ्या गल्लीलाच होती,
माझ्यासमोर मात्र भरलेला माठ असायचा.

सुई टोचली. मान बधिर.
कोनापुरे डॉक्टर बोलत बोलत काम करतात.
"आत एक कफ असतो, बोटाच्या पेराएवढा, पॉलिएस्टरचा.
मांस त्यात शिरतं, धरून बसतं.
म्हणून तर नळी निसटत नाही.
तो आधी सोडवायचा."

पॉलिएस्टर!
वीस वर्षं ओळखतो मी त्याला.
काडी लावा, राख होत नाही, गोळी होते.
मालक म्हणायचे, टाक थोडं बाण्यात, गिऱ्हाईकाला काय कळतंय.
मी म्हणायचो, अंगाला कळतं मालक,
ते पाणी पीत नाही.
आणि माझ्याच अंगानं
मला न विचारता, रात्रपाळी करून
त्यात आपला बाणा भरला होता.

कात्री ऐकू येत होती. एकेक तार.
"आता श्वास धरा. हं म्हणा."
मी हं म्हटलं,
आतल्या खोलीतून कुणी हाक मारावी तसं.
तेवढ्यात निघालीसुद्धा.

मग इरण्णाचा हात. मानेवर, घट्ट.
दहा मिनिटं दाबायचं असतं.
"तीन नंबरवाले मोहोळचे काका?"
"चालूय त्यांचं. परवा शेंगाचटणी खाऊन आले, बोलणी खाल्ली."
"आणि पाच नंबर? ती कॉलेजची पोरगी?"
इरण्णानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.
"अजून चार मिनिटं," म्हणाला.
मी पुढं काही विचारलं नाही.

जाताना ट्रेमध्ये पाहिली.
पांढऱ्या कड्याला गुलाबी कुसळं चिकटलेली,
धुण्याआधीच्या टॉवेलला असतात तशी.
न्यायची का विचारणार होतो,
पण पिवळी पिशवी आली.

अक्का बाहेर बाकावर.
तिच्या अंगातून एकच गोष्ट निघाली,
तिला डाव्या कुशीत वीतभर वण आहे,
आणि हजार विड्या वळणारी बाई आता सहाशे वळते.
दुखलं का, तिनं तेलुगूत विचारलं.
नाही म्हटलं.
"मग रडतोस कशाला," हे मात्र मराठीत,
सगळ्या बाकाला कळेल असं.

जखम सुकल्यावर, नळाच्या दिवशी,
मोरीत बसलो आणि पहिला तांब्या डोक्यावर ओतला.
डावा हात आपोआप छातीवर गेला, झाकायला.
झाकायला काही नव्हतं.
दुसरा ओतला. तिसरा.
कानात, डोळ्यांत, पाठीवरून पाणी,
डॉक्टरांनी सांगितलंय, तीन लिटर रोज, हयगय नको,
म्हणून थोडं प्यायलोही, तांब्यातूनच.
बादली संपली, दुसरी ओढली,
तशी दाराबाहेरून अक्का ओरडली,
"अरे जपून! आता पाणी मंगळवारी!"